पीएच.डी.चा विषय आणि आईचा मोबाईल

आदरणीय ताई,

मी औसा तालुक्यातली, वय २६. एम.ए. पत्रकारिता झालं, मागच्या वर्षी प्राध्यापकीच्या पात्रतेची सेट परीक्षा निघाली. सकाळी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेते, दुपारी सरकारी दाखले काढून देणाऱ्या मामाच्या सेवा केंद्रात बसते. वडिलांची तीन एकर जमीन आहे, सोयाबीन असतं. आई अंगणवाडी सेविका आहे, मुलांच्या वजनाच्या वगैरे नोंदी तिला पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर कराव्या लागतात. तिचं पोषण ट्रॅकर रात्री मीच भरून देते. मला डिजिटल माध्यमं आणि गावाचा विकास या विषयात पीएच.डी. करून पुढे शिकवायचं, संशोधन करायचं आहे. ज्या सरांना भेटले त्यांनी 'ग्रामीण विकासावर सोशल मीडियाचा प्रभाव : विशेष संदर्भ लातूर जिल्हा' असा विषय घे म्हणून सांगितलं. पुण्यातली मैत्रीण म्हणते, तिथं राहून काही होणार नाही, निघ आधी. घरचे म्हणतात, पीएच.डी. होईपर्यंत लग्नाचं वय जाईल, त्यापेक्षा तलाठ्याची परीक्षा दे. या विषयात खरंच करिअर आहे का? कोडिंग यावं लागतं का? आणि मराठवाड्यात राहून हे जमतं का?

(नाव छापू नये.)

प्रिय मुली,

सरांनी सुचवलेला विषय घेऊ नकोस. सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, असे विषय द्यायला सोपे असतात एवढंच. एकदा विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा आणि प्रबंधांच्या कपाटापुढे थोडा वेळ उभी राहा. 'प्रभाव', 'भूमिका', 'योगदान', 'चिकित्सक अभ्यास'. जिल्हा तेवढा बदललेला असतो. आत तीनशे प्रश्नावल्या, त्यांच्या टक्केवाऱ्या, रंगीत वर्तुळं आणि शेवटच्या प्रकरणात 'सकारात्मक परिणाम दिसून येतो, तथापि काही नकारात्मक बाजूही आहेत' हे ठरलेलं वाक्य. ते लिहायला कुणी औसा तालुक्यात उन्हातान्हात फिरायची गरज नाही. शिवाय त्या शीर्षकातला 'सोशल मीडिया' म्हणजे नेमकं काय? बचत गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप, सरपंचाचं फेसबुक, ऊसतोडीच्या मुकादमाचा टोळीला आलेला व्हिडिओ कॉल, की फवारणी शिकवणारं यूट्यूब चॅनल? या चार गोष्टी चार वेगळी माणसं चार वेगळ्या कामांसाठी वापरतात. त्यांची एकत्र टक्केवारी काढून हाती काय लागणार?

आता तुझ्या मैत्रिणीसाठी थोडा इतिहास. या विषयातलं एक फार चांगलं जुनं काम मराठी खेड्यांतच झालंय. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोत्यांची मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेती आणि गावकीवरचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र ऐकायचा आणि मग त्यावर बोलायचं. आपण तेव्हा हैदराबाद राज्यात होतो, त्यामुळे मराठवाडा त्यात नव्हता. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ आणि टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या मंडळींनी त्याची पाहणी केली, आणि ती कशी केली ते बघण्यासारखं आहे. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी तुलना त्यांनी केली. ज्ञानात खरी भर पडली ती मंडळाच्या गावांत. नुसता रेडिओ असलेली गावं फारशी पुढे सरकली नव्हती. म्हणजे यंत्राभोवती कोण बसतं आणि त्यानंतर काय बोलतं, हा या शास्त्राचा प्रश्न मोबाईलच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

दुसरं उदाहरण वारणेचं. १९९८ मध्ये वारणानगरच्या आसपासच्या ७० गावांत संगणक केंद्रं उघडली. शेतकरी तिथं येऊन बाजारभाव पाहतील, शेतीची माहिती घेतील, सरकारी कामं करतील अशी कल्पना होती. काही वर्षांनी संशोधक गेले तेव्हा त्या संगणकांवर मुख्यतः एकच काम चाललं होतं, कारखान्याच्या उसाचा हिशोब. किती टन गेला, किती पैसे निघाले, खत किती उचललं. मग त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला आणि तेवढ्यावर काम भागलं. यावर लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. शेतकऱ्याला जे हवं होतं ते त्यानं बरोबर निवडून घेतलं होतं, चूक योजना लिहिणाऱ्याच्या कल्पनेत होती.

आणि मोबाईलनं खरोखर फरक पडलेलं उदाहरण हवं असेल तर केरळच्या मच्छीमारांचं घे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाचा २००७ चा अभ्यास आहे. नावेवरूनच फोन करून कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते कळायला लागल्यावर मासळी फेकून देणं जवळपास थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. हा निबंध दाखवून अनेक जण सांगतात की भाव कळला की शेतकरी सुटला. आता हे लातूरच्या आडत बाजारात नेऊन बघ. सोयाबीनचा आजचा भाव तुझ्या वडिलांच्या फोनवर दुपारच्या आत येतो. पण पेरणीच्या वेळी ज्या आडत्याकडून उचल घेतली, माल त्याच्याच दुकानी टाकावा लागत असेल, तर तो भाव बघून करायचं काय? मच्छीमाराला नाव दुसऱ्या बंदराकडे वळवता येत होती. ज्याच्यावर उचल आहे त्याला ट्रॅक्टर वळवता येत नाही. हा फरक तुला घरबसल्या कळतो. पुण्यात किंवा मँचेस्टरमध्ये बसलेल्याला तो कळायला वर्ष घालवावं लागतं.

म्हणून तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी थांबले. तू ते जाता जाता लिहिलंस : 'तिचं पोषण ट्रॅकर रात्री मीच भरून देते.' विषय इथं आहे. डिजिटल यंत्रणा आणि गावातलं माणूस यांच्या मध्ये जो बसलेला असतो, ज्याची कुठल्याच कागदावर नोंद नसते, त्याचा अभ्यास कर. घरात तो तू आहेस. केंद्रातही तूच आहेस.

पोषण ट्रॅकर मार्च २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत करायचं आंदोलन केलं, कारण फोन जुने, तापणारे आणि ॲप इंग्रजीत. तुझी आई त्यात होती का, विचार. त्यानंतर भाषा आली, नवे फोन आले, आता तर घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा टिपायचं कामही सेविकेच्याच अंगावर आलंय. दिल्लीतल्या फळ्यावर, म्हणजे डॅशबोर्डवर, आकडे उमटतात ते 'सेविकेनं भरलेले' म्हणून. ते लेकीनं रात्री साडेनऊला, नेट आल्यावर, वहीतून बघून भरलेत हे त्या फळ्याला ठाऊक नसतं. मग वजनाचा आकडा वहीतून फोनमध्ये जाताना काय होतं? एखादं मूल त्या दिवशी गावात नसलं तर? लेक लग्न होऊन गेली की काम कोण करतं, धाकटा भाऊ की शेजारचा पोरगा, आणि तो पैसे घेतो का? ज्या सेविकेच्या घरात शिकलेलं कुणीच नाही, ती काय करते? हे प्रश्न घेऊन चाळीस सेविकांच्या घरी गेलीस तर तीनशे प्रश्नावल्यांपेक्षा जास्त कळेल.

केंद्राचंही तसंच. अशा एका केंद्रात मी बरीच बसले आहे. एक आजोबा ई-केवायसीसाठी आलेले, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. अंगठा लागेना. केंद्रातल्या पोरानं मशीनची काच रुमालानं पुसली, आजोबांना अंगठा डोक्यावर घासायला लावला, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. नाहीच. ओटीपीनं करू म्हटलं तर आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा चाकणला पाळीवर. फोन लागला तेव्हा ओटीपीची मुदत संपली होती. मागून एक बाई म्हणतेय, "भाऊ, माझं बघा की आधी, यांचं नेटच येईना गेलंय." तिसऱ्या खेपेला मुलानं सहा आकडे सांगितले आणि काम झालं. त्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर मुलाचा नंबर, मुलाच्या पाळीची वेळ आणि कुठलासा पासवर्ड त्या पोराच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहून ठेवलेला होता. सरकारी नोंदीत मात्र लाभार्थ्यानं स्वतः पडताळणी केली. ते पेन्सिलीचं पान म्हणजे तुझी सामग्री.

आता सगळ्यात अवघड भाग. यात तुझी ओढाताण होणार आहे.

केंद्रात माणूस येतो तो मामाच्या भाचीकडे. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, कधी नवऱ्याचा मृत्यूचा दाखलासुद्धा तो विश्वासानं पुढे करतो. तू त्याच्याकडे संशोधक म्हणून बघतेयस हे त्याला माहीत नसतं. म्हणून काउंटरवर काम करताना जे दिसलं ते थेट प्रबंधात घालायचं नाही. अभ्यासाचे दिवस वेगळे ठेव, त्या दिवशी खुर्ची बदल, काउंटरच्या अलीकडे लोकांच्या बाकावर बस. काय करतेयस ते मराठीत तोंडी सांग, नाही म्हणाला तर तिथंच सोड. आणि नाही म्हटल्यावर त्याचं काम अडणार नाही, हे त्याला दिसलं पाहिजे, नुसतं ऐकवून उपयोग नाही. आधार क्रमांक, ओटीपी, खातं क्रमांक यातलं काहीही वहीत उतरवायचं नाही, फोटो तर मुळीच नको. २०२३ मध्ये व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा झालाय तो वाचून ठेव. पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं.

दुसरं, मामा. प्रत्येक दाखल्याचा दर ठरलेला असतो, तो भिंतीवर लावायचा असतो, आणि घेतला किती जातो ते सगळ्या तालुक्याला ठाऊक असतं. तुझा मामा जास्त घेतो का, हे तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही. पण प्रबंध लिहायला बसशील तेव्हा हा मुद्दा गाळता येणार नाही, आणि तो लिहिलास तर दिवाळीला आजोळी जाणं जड जाईल. यावर उपाय एकच. मामाचं केंद्र अभ्यासात घेऊ नकोस. निलंगा, उदगीर किंवा पार हिंगोलीकडचे तालुके निवड. आईच्या बाबतीतही तेच, तिच्या बीटमधल्या सेविका नकोत. पर्यवेक्षिकेला उद्या वाटेल की लेक चुगल्या लिहितेय, आणि त्रास आईला होईल. घरून तुला प्रश्न मिळाले, उत्तरं बाहेर शोध.

कोडिंग लागत नाही. आकडे मांडायला एक्सेल नीट यावं, थोडं संख्याशास्त्र, माहितीचा अधिकार वापरायची सवय आणि शासन निर्णय शेवटच्या पानापर्यंत वाचायचा चिवटपणा हवा. ॲपची प्रत्येक नवी आवृत्ती आली की काय बदललं त्याची तारीखवार नोंद ठेव, ती पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते. इंग्रजी वाचावंच लागेल, या शास्त्रातलं बहुतेक लेखन त्यात आहे. प्रबंध मराठीत लिहायचा असेल तर नोंदणीआधीच विभागाशी बोलून ठरव.

कुठं करायचं? संभाजीनगर आणि नांदेड ही दोन्ही विद्यापीठं आहेतच, माध्यमांचे विभागही आहेत. पण या विषयासाठी मला आधी तुळजापूर आठवतं. टाटा इन्स्टिट्यूटचा ग्रामीण परिसर १९८६ पासून तिथं आहे आणि औशाहून तू एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येशील. दुसरं हैदराबाद. तिथल्या केंद्रीय विद्यापीठात सामुदायिक माध्यमांचं युनेस्को अध्यासन आहे. बिदरच्या पलीकडे, जहीराबादजवळच्या माचनूरला दलित बायकांनी चालवलेला संघम रेडिओ २००८ पासून आहे. पुण्याच्या मोहात आपली माणसं हैदराबाद विसरतात, हे मला कधी कळलेलं नाही. तंत्रज्ञानाच्या बाजूनं जायचं असेल तर मुंबई आयआयटीतलं 'सितारा', म्हणजे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचं केंद्र, तिथं काय चाललंय ते बघत राहा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे आपल्या लोकांच्या भाषेत 'पोकरा'त, गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं काम आयआयटीनं केलं होतं.

विद्यापीठापेक्षा गाईड महत्त्वाचा. गाईड पाहताना त्यांचे सन्मान आणि पुस्तकं बघू नकोस. त्यांच्याकडून पीएच.डी. झालेल्या दोन आणि अर्ध्यावर सोडलेल्या एका विद्यार्थ्याला भेट. प्रकरण दिल्यावर किती दिवसांत वाचून परत देतात, घरची कामं सांगतात का, व्हायव्हाच्या, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेच्या, जेवणाचा खर्च कुणी केला, हे तिघांनाही विचार. मुलींना ज्या आणखी गोष्टी विचाराव्या लागतात त्याही मुलींकडून विचारून घे, बिनलाजता.

आता पैसे, कारण घरच्यांची काळजी लग्नाच्या नावाखाली मुळात तीच आहे. सेट निघाली, उत्तम. पण सेटनं प्राध्यापकीची पात्रता मिळते, महिना एक रुपयाही मिळत नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची संशोधन फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० आणि वर घरभाडं. वयाची अट ३० ची आहे, स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सूट आहे, म्हणजे तुझ्या हातात बरेच प्रयत्न आहेत. आता नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेशही होतो. त्याखेरीज तुझ्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप. मात्र या फेलोशिपसाठी पोरांना वेळोवेळी उपोषणाला बसावं लागलंय हे तू पेपरात वाचलंच असशील. मिळाली तरी हप्ता वेळेवर येईल असं धरून खोलीचं भाडं ठरवू नकोस. फेलोशिपची सोय होण्याआधी नोंदणीची घाई करू नये, हे माझं ठाम मत आहे. सीएचबीच्या तुटपुंज्या पैशावर पाच वर्षं काढणारे मी पाहिलेत. प्रबंध मागं पडतो आणि माणूसही कातावतो.

नोकरीबद्दल खरं ऐक. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, ही बाजू सगळे सांगतात. जागा निघत नाहीत, निघाल्या तर मुलाखतीच्या आधी कोणता आकडा कानावर येतो, ही बाजू चहाच्या टपरीवर सांगतात. तीन एकरांतलं एक गुंठाही त्यासाठी विकायचं नाही, हे वडिलांसमोर आजच बोलून टाक. या विषयाचं बरं असं की कॉलेजच्या कायम जागेवरच सगळं अडत नाही. संशोधन प्रकल्पांवर माणसं लागतात. सरकारी योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना गावात जाऊन नीट ऐकणारं आणि नीट लिहिणारं माणूस सहसा सापडत नाही. अंबाजोगाईची मानवलोक, भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या बायकांसोबत उभं राहिलेलं स्वयं शिक्षण प्रयोग, अशा ठिकाणी अनुभव मिळतो आणि पुढच्या अर्जाला वजन येतं. परदेशाचं दार नंतरही उघडं असतं, त्यासाठी राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. आधी इथलं काम हाताखाली असू दे.

लग्नाबद्दल मी आईवडिलांना काही शिकवणार नाही. फक्त यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांतल्या दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाल. पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे, स्त्रियांना वर दोन वर्षं मिळतात, आणि २४० दिवसांची प्रसूती-बालसंगोपन रजा आहे. लग्न झालं म्हणून नाव कटत नाही. कटतं ते सासरच्यांनी आधी 'हो' म्हणून नंतर फिरवल्यामुळे, तेव्हा बोलणी चालू असतानाच विषय काढा. तलाठ्याची परीक्षा द्यायची तर दे, पण मनापासून दे. दोन्हीकडे अर्धं मन ठेवून दोन्ही गेलेले लातुरात गल्लोगल्ली आहेत.

त्याच नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी संशोधनाचा पेपर छापण्याची सक्तीही काढून टाकलीय. तरी कुणीतरी पैसे भरून आठ दिवसांत पेपर छापून देतो म्हणेल. आंतरराष्ट्रीय नाव, मागं आयएसएसएन नंबर आणि व्हॉट्सॲपवर जीपेचा क्यूआर कोड असं सगळं असेल. त्याला उत्तरही देऊ नकोस. पुढे चांगल्या ठिकाणी अर्ज केलास की तिथले लोक तुझ्या पेपरांची यादी बघतात आणि तुझ्याविषयी मत करून घेतात.

येत्या महिन्यात एवढं कर. आईच्या ओळखीबाहेरच्या दोन-तीन सेविकांना घरी जाऊन भेट, त्यांचा फोन रात्री कुणाच्या हातात असतो ते विचार, आणि जे ऐकलंस ते नावगाव न लिहिता त्याच रात्री उतरवून काढ. त्यातून दोन पानं तयार कर : प्रश्न काय, कुणाला भेटणार, हे आजवर कुणी का विचारलं नाही. ती घेऊन आधी त्याच सरांकडे जा. विषय बदलायचाय हे फोनवर सांगू नकोस, कागद पुढे ठेव. ते वाचून त्यांनी एखादा उलट प्रश्न विचारला तर त्यांच्याकडे राहायला हरकत नाही. न वाचता 'विशेष संदर्भ' घाला म्हणाले, तर तुळजापूरची एसटी धर.